द्राक्षमद्याचे पारखी आणि सामान्य गिऱ्हाईक

नाशिकच्या द्राक्षबागाईतदारास आपल्या मालाची प्रतवारी कशी होते, हें पक्कें ठाऊक असतें. मण्याचा व्यास मिलिमीटरांत मोजतां येतो. रसांतील साखर लहानशा उपकरणानें तत्काळ कळते. व्यापाऱ्यानें सांगितलेला अंक पटला नाहीं, तर दुसरें उपकरण आणून त्याची शहानिशा करतां येते. परंतु द्राक्षांची वाईन झाली, कीं बाटलीवर पदकाचें चित्र येतें, आणि अमुक समीक्षकानें १०० पैकीं ९० गुण दिल्याची जाहिरात होते. हे गुण कोणत्या मापानें मोजले, हें गिऱ्हाईक सहसा विचारीत नाहीं.

हा प्रश्न आतां परदेशापुरता राहिलेला नाहीं. गंगापूर धरणाच्या परिसरांत राजीव सामंत यांची सुला वाइनरी २००० सालीं सुरू झाली. पुढील वर्षीं राज्य सरकारनें या धंद्यास उत्तेजन देणारें धोरण जाहीर केलें. आणि २०१० सालीं ‘नाशिक व्हॅली वाईन’ या नांवास भौगोलिक मानांकन मिळालें. दुकानांत नांवें वाढलीं, तसा निवडीचा गोंधळहि वाढला.

१०० गुणांची पद्धत रॉबर्ट पार्कर या अमेरिकन समीक्षकानें १९७८ सालीं सुरू केलेल्या आपल्या नियतकालिकांतून जगभर रूढ केली. तिची कसोटी पाहिली ती रॉबर्ट हॉजसन या संख्याशास्त्रज्ञानें. हा गृहस्थ स्वतः मद्योत्पादक. कॅलिफोर्नियाच्या राज्य प्रदर्शनांत २००५ पासून ४ वर्षें त्यानें परीक्षकांस, न सांगतां, एकाच बाटलींतील वाईन ३ वेळां चाखावयास दिली. तिन्ही वेळां एकाच दर्जाचा निवाडा देणारे परीक्षक दहांत एकच निघाले! कित्येकांनीं तर त्याच वाईनला एकदां कांस्यपदकाच्या व एकदां सुवर्णपदकाच्या योग्यतेचें ठरविलें. मग ८८ आणि ९१ या गुणांमधील अंतराकरितां गिऱ्हाइकानें जादा पैसे कां मोजावे?

म्हणून पारख्यांचें ज्ञान अगदींच फोल समजावें काय? तसें नव्हे. १९७६ सालीं पॅरिस येथें फ्रेंच परीक्षकांनीं नांवें झांकलेल्या वाईन चाखल्या आणि तांबड्या व पांढऱ्या या दोन्ही प्रकारांत पहिला क्रमांक कॅलिफोर्नियाला दिला. नांव दिसत असतें, तर हा निकाल लागता ना. बिघडलेली वाईन ओळखणें, ती आंबट कीं गोड, हलकी कीं जड, हें सांगणें पारख्यास चांगलें जमतें. त्याचें वर्णन अवश्य वाचावें. क्रमांकावर भिस्त ठेवूं नये.

आणखी दोन गोष्टी पाहाव्या. पदक एका विशिष्ट वर्षाच्या वाईनला मिळालेलें असतें. हातांतील बाटली त्याच वर्षाची आहे काय? शिवाय परीक्षकापुढें आलेली बाटली थंड जागीं जपलेली असते. वैशाखाच्या उन्हाळ्यांत दुकानाच्या फळीवर तापलेल्या बाटलीस ते गुण लागू पडत नाहींत.

ज्या घरीं वाईन घेतली जाते, तेथें दोन बाटल्यांस कागद गुंडाळून, नेहमींच्या जेवणाबरोबर त्या चाखून पाहाव्या. बागाईतदार जशी अंकाची खातरजमा करून घेतो, तशी गिऱ्हाइकानेंहि करावी. ज्या नवख्या उत्पादकाजवळ पदक नाहीं, त्याच्या मालासहि मग न्याय मिळेल.