कुमार पर्वत, मी आणि माझी टाइप-१ मैत्रीण

कळसूबाईला कोण कोण जाऊन आलंय? जरा हात वर करा. छान, बरेच आहात. कळसूबाई १६४६ मीटर, महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच शिखर. आज ज्या डोंगराबद्दल मी बोलणार आहे तो १७१२ मीटर आहे. म्हणजे फक्त ६६ मीटर जास्त. तुम्ही म्हणाल, त्यात काय एवढं?

फरक पायथ्याला आहे. बारी गावातून कळसूबाई चढायला घेतो, तेव्हा जवळजवळ निम्मी उंची गाडीनेच गाठून दिलेली असते. कर्नाटकातला कुमार पर्वत सुरू होतो कुक्के सुब्रह्मण्य या देवळाच्या गावातून, आणि ते गाव समुद्रसपाटीपासून जेमतेम सव्वाशे मीटरवर. म्हणजे १६०० मीटरच्या आसपास चढ, मग तेवढाच उतार. एका बाजूचं अंतर बारा-तेरा किलोमीटर.

मी मूळची नाशिकची, नोकरीमुळे बंगळुरूत. माझी मैत्रीण बेळगावची. तिला बाराव्या वर्षापासून टाइप-१ मधुमेह आहे. यात शरीराचीच प्रतिकारशक्ती इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी नष्ट करते. गोड जास्त खाल्ल्याने हा होत नाही, आणि इन्सुलिन बाहेरून घेतल्याशिवाय जगता येत नाही. १९२२ साली टोरांटोमध्ये पहिल्यांदा रुग्णाला इन्सुलिन दिलं गेलं. त्याआधी हा आजार म्हणजे मरणच होतं.

काही वर्षांपूर्वी, डिसेंबरात, आम्ही दोघी कुमार पर्वताला निघालो. ती आधी तिच्या डॉक्टरांना भेटली. चालण्यामुळे साखर उतरते, म्हणून डोस किती कमी करायचा ते ठरवून आली. ग्लुकोज, ग्लुकोमीटर आणि इन्सुलिन आम्ही दोन्ही सॅकमध्ये वाटून ठेवलं. एक सॅक दरीत गेली तरी दुसरी हवी ना! इन्सुलिनला ऊन लागू नये म्हणून पेनं कपड्यांच्या घडीत. आणि एक नियम केला : दुपारी १ वाजता जिथे असू तिथून परत फिरायचं.

पहिल्या दिवशी दाट जंगलातून चढलो. जंगल संपलं की उघडं गवताळ रान लागतं. तिथे एका शेतकरी कुटुंबाचं घर आहे. वर्षानुवर्षं ते ट्रेकर्सना गरम भात आणि सांबार वाढत असत. रात्री अंगणात झोपलो. खूप श्रम झाले की साखर नंतरही कित्येक तास उतरत राहते, झोपेतसुद्धा. म्हणून दोनचा गजर लावला होता. आकडा आला ८४. तिने चार बिस्किटं खाल्ली आणि घोरायला लागली. मी मात्र बराच वेळ तिचा श्वास ऐकत जागी होते.

दुसऱ्या दिवशी पहाटे निघालो. कल्लु मंटपा म्हणजे दगडी मंडप. तो मागे पडला आणि खडी चढण सुरू झाली. मी सहज विचारलं, "किती वाजले गं?"

ती उसळलीच. "दर दोन मिनिटांनी काय वेळ विचारतेस? घड्याळ नाही का तुझ्याकडे?"

सकाळपासून मी पहिल्यांदाच वेळ विचारली होती.

साखर उतरली की घाम येतो, हात कापतात. पण त्या चढणीवर घाम माझाही वाहत होता आणि पाय माझेही कापत होते. या लक्षणांवरून काय ओळखणार? मात्र हे असं चिडणं तिचं नव्हतं. मी म्हटलं, "सॅक खाली ठेव." "मला काही झालेलं नाही!" तरी बोट टोचलं. ५८. सत्तरच्या खाली म्हणजे ताबडतोब उपाय.

उपाय साधा आहे. १५ ग्रॅम साखर, म्हणजे साधारण तीन-चार छोटे चमचे, पाण्यात घालून प्यायची. पंधरा मिनिटं थांबायचं, पुन्हा तपासायचं. चॉकलेट नाही, चिक्की नाही, कारण त्यातल्या स्निग्धांशामुळे साखर रक्तात हळू चढते. पंधरा मिनिटांनी ६६. पुन्हा ग्लुकोज. पुन्हा पंधरा मिनिटं. ९७. मग तिने पोळी खाल्ली.

११ वाजून १० मिनिटं झाली होती. मी म्हटलं, "परत जाऊ या."

ती शांतपणे म्हणाली, "आकडा बघ, घड्याळ बघ. दोन्ही ठीक आहेत. तू घाबरलीयेस. त्यासाठी परतायचं असेल तर तसं सांग, मी येईन. पण माझ्या साखरेचं कारण देऊ नकोस."

मी म्हटलं, "घाबरलेय. पण चल."

शेष पर्वत पार केला, पलीकडच्या जंगलात उतरलो, ओल्या कातळावर हातापायांनी चढलो. १२ वाजून ३५ मिनिटांनी माथ्यावर होतो. सगळीकडे धुकं, समोरचं काही दिसेना. तिची साखर ११८. दोघी खूप हसलो.

खरी परीक्षा उतारावर झाली, आणि ती माझी. उतरताना मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच ब्रेक लावत असतात. तासन् तास हे चाललं की मांड्या थकतात आणि गुडघ्यांवरचा भार वाढतो. माझा उजवा गुडघा वाकेना. तिने एक शब्द न बोलता माझी सॅक पुढे अडकवली, मला एक काठी शोधून दिली. "आडवी उतर. छोटी पावलं टाक." शेवटचं जंगल आम्ही बॅटरीच्या उजेडात उतरलो. कुक्केला पोचलो तेव्हा पावणेआठ वाजले होते.

तेव्हापासून कुठेही जाण्याआधी आम्ही एकमेकींना तीन प्रश्न विचारतो. तुम्हीही विचारा. मधुमेह असो, दमा असो, नाहीतर माझ्यासारखा गुडघा. पहिला : त्रास सुरू झाला की तू कशी वागतेस? दुसरा : औषध कुठे ठेवलंयस? आणि तिसरा, सगळ्यात अवघड : कोणत्या वेळी मी तुझं ऐकायचं नाही?

तिचं तिसऱ्याचं उत्तर ठरलेलं आहे. "आकडा सत्तरच्या खाली असेल, तर माझं अजिबात ऐकू नकोस. आणि मी बेशुद्ध असेन, तर तोंडात काही घालू नकोस, आधी मदत बोलाव. सत्तरच्या वर असेन, तर मात्र माझंच ऐक."