विषय निवडताना: कुठलं दार उघडतं, कुठलं मिटतं

(संस्थेच्या रौप्यमहोत्सवी वर्षात झालेल्या पालक-विद्यार्थी मेळाव्यातील भाषणाचा मजकूर)



संस्थेला 25 वर्षं पूर्ण झाली, त्याबद्दल सर्वांचं मनःपूर्वक अभिनंदन. ज्या मुलांच्या क्रिकेटने इथल्या तळमजल्याच्या काचा फुटल्या, ती आज आपापल्या नोकरी-धंद्यात स्थिरावली आहेत. आता पुढची पिढी दहावीच्या उंबरठ्यावर आहे.

निकालाच्या दिवशी लिफ्टमध्ये दोनच प्रश्न ऐकू येतात. "किती पडले?" आणि "मग, सायन्स ना?" जास्त टक्के तर सायन्स, मधले तर कॉमर्स, कमी तर आर्ट्स, असं आपण ठरवूनच टाकलंय. टक्क्यांवरून कॉलेज कुठलं मिळेल ते कळतं. मुलाला काय आवडतं, काय झेपतं, हे मार्कलिस्टवर छापलेलं नसतं.

म्हणून माझं सांगणं एवढंच, की उलट्या बाजूने सुरुवात करा. पुढे जी दोन-तीन क्षेत्रं मुलाला खुणावतात, त्यांच्या प्रवेशाला बारावीत कुठले विषय लागतात ते आधी पाहा.

एमबीबीएससाठी नीट द्यायची, तर जीवशास्त्र हवं. इंजिनिअरिंगच्या सीईटीला भौतिक, रसायन आणि गणित हा गट. फार्मसीला मात्र गणित किंवा जीवशास्त्र, दोन्ही गट चालतात. एनडीएतून लष्करात जायला बारावी कुठल्याही शाखेची चालते; नौदल आणि हवाई दलासाठी भौतिक, रसायन, गणित लागतं. पाच वर्षांचा लॉ, सीए फाउंडेशन यांना शाखेची अट नाही. यूपीएससीला तर कुठलीही मान्यताप्राप्त पदवी चालते. म्हणजे "कलेक्टर व्हायचंय म्हणून सायन्स" याला काही अर्थ नाही!

आता गणिताबद्दल थोडं जास्त बोलतो, कारण सगळ्यात जास्त घोळ तिथेच होतो. दहावीत गणिताने रडवलं की मूल म्हणतं, "सुटलो एकदाचा!" कॉमर्सला गणिताऐवजी चिटणिसाची कार्यपद्धती, म्हणजे आपलं एसपी, घेता येतं. त्यात वाईट काहीच नाही. पण त्याच मुलीला उद्या दिल्ली विद्यापीठात अर्थशास्त्र ऑनर्स करावंसं वाटलं, किंवा भारतीय सांख्यिकी संस्थेत बी.स्टॅट. करावंसं वाटलं, तर बारावीचं गणित लागतं. गणित सोडायचं तर खुशाल सोडा. फक्त सोडताना कुठलं दार मिटतंय ते माहीत असू द्या.

तसंच सायन्सच्या द्विलक्ष्यी विषयांचं. कॉम्प्युटर सायन्स किंवा इलेक्ट्रॉनिक्स हा विषय 200 गुणांचा. तो घेतला की दुसरी भाषा सुटते आणि बहुतेक जण जीवशास्त्रही सोडतात. "स्कोअरिंग आहे" म्हणून घेण्याआधी मेडिकलचा विचार खरंच संपलाय ना, हे मुलालाच विचारा.

यावर काही पालक म्हणतील, "मग सायन्सच बरं, नंतर कुठेही वळता येतं." सायन्सनंतर बी.ए., बी.कॉम. करता येतं, हे खरं. पण ज्या मुलाचं मन इतिहासात किंवा चित्रकलेत आहे, त्याने नावडत्या विषयांत दोन वर्षं काढायची, क्लासची भलीमोठी फी भरायची आणि शेवटी "मला काहीच जमत नाही" असं मनात घेऊन बाहेर पडायचं. या सुरक्षिततेची किंमत मूल चुकवतं, हे विसरू नका.

आणि अकरावी हा एकच रस्ता आहे असंही नाही. हाताने काम करण्यात ज्याला गोडी आहे, त्याला दहावीनंतर तीन वर्षांचा पॉलिटेक्निक डिप्लोमा आहे. तिथून इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं. आयटीआय आहे. चांगला इलेक्ट्रिशियन मिळवायला आपल्याला किती फोन करावे लागतात, ते सेक्रेटरी साहेबांना विचारा!

मुलांनो, तुम्हाला तीन प्रश्न देतो. कुठला विषय परीक्षा नसतानाही वाचावासा वाटतो? कुठल्या विषयात मेहनत केली की गुण वाढतात? आणि हा विषय मला हवाय, की मित्र घेतोय म्हणून घेतोय? उत्तरं कागदावर लिहा, मग घरी बोला. पालकांनो, ती पूर्ण ऐकून घ्या. मधेच "आमच्या वेळी" सुरू करू नका.

शेवटी एक विनंती. आपल्या तिन्ही विंगमध्ये मिळून नर्स आहेत, बँकवाले आहेत, शिक्षक, वकील, दुकानदार, एसटीतून निवृत्त झालेले काका आहेत. दरवर्षी मे महिन्यातल्या एका रविवारी याच हॉलमध्ये प्रत्येकाने दहा मिनिटं सांगावं: मी काय शिकलो, दिवसभर नेमकं काय करतो, यात त्रास काय आणि समाधान काय. यातून मुलांना जे कळेल, ते कुठल्याही माहितीपत्रकात मिळणार नाही. खर्च फक्त चहाचा. कार्यकारिणीने मनावर घ्यावं.

पुढच्या 25 वर्षांत या इमारतीला रंग तर लागेलच. आपली मुलं मनासारखं काम करताना दिसली, तर ती खरी शोभा.