पहिल्या दिवशीचा पट

अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिना राज्यात १८३० साली एक कायदा झाला. गुलामाला लिहा-वाचायला शिकवणं हा त्यानं गुन्हा ठरवला. अक्षरओळख झाली की गुलामांच्या मनात असंतोष वाढतो आणि ते बंड करतात, असं कारण कायद्यातच लिहिलेलं होतं. सूट होती ती फक्त आकडे शिकवायला.

हा कायदा लागू असतानाच, १८५९ साली, गुलाम आईवडलांच्या पोटी पीटर वेडिक मूर जन्माला आले. पुढे गुलामगिरी संपली आणि मूर शिकले. १८९१ च्या मार्चमध्ये ह्यू केल या कृष्णवर्णीय आमदारांनी त्याच राज्याच्या विधिमंडळात एक विधेयक मंजूर करून घेतलं. कृष्णवर्णीय शिक्षक घडवणारी सरकारी शाळा त्यातून उभी राहिली. गाव एलिझाबेथ सिटी, पास्क्वोटँक नदीकाठचं. समुद्राजवळ नदी रुंद होत खाडीला मिळते, त्या भागातलं हे लहानसं गाव. ४ जानेवारी १८९२ ला शाळा भरली. पटावर २३ विद्यार्थी, शिकवायला दोन शिक्षक आणि वर्षाचं अनुदान ९०० डॉलर. प्रमुख होते मूर.

शिक्षक होऊ घातलेल्यांनी सराव पाठ घ्यायचे, तर समोर खरी मुलं हवीत. त्यासाठीची जुनी सराव शाळा आजही आवारात उभी आहे. रोझेनवाल्ड नावाच्या निधीच्या मदतीनं अमेरिकेच्या दक्षिणेत कृष्णवर्णीय मुलांसाठी हजारो शाळा झाल्या, त्यांतलीच ही एक. त्यांसाठी कृष्णवर्णीय वस्त्यांनी वर्गणी काढली, श्रमदान केलं. वीज नसे, म्हणून खिडक्या उंच आणि ओळीनं, भरपूर उजेड येईल अशा.

१९२८ साली मूर निवृत्त झाले, तेव्हा विद्यार्थी साडेतीनशेच्या वर गेले होते. त्या शाळेची आज एलिझाबेथ सिटी स्टेट युनिव्हर्सिटी झाली आहे. तिथं वैमानिकशास्त्राची पदवीही मिळते.

मध्यंतरी या युनिव्हर्सिटीचा पट झपाट्यानं घसरला. २०१४ साली राज्याच्या सिनेटमध्ये ती बंद करण्याच्या दिशेनं पाऊल पडलं. लोक खवळले आणि ते कलम मागे घ्यावं लागलं. २०१८ पासून राज्यातल्या विद्यार्थ्यांची शिक्षण फी सत्राला ५०० डॉलरवर आणली गेली आणि मुलं पुन्हा येऊ लागली.

पट कमी म्हणून शाळा बंद करा, असं कुणी म्हणालं की मला त्या जानेवारीतली हजेरी आठवते. तेवीस नावं. त्यांतला जो कुणी शिक्षक झाला, त्याच्या वर्गातली मुलं कोणत्या पटावर मोजायची?