मास्तर कृष्णराव आणि समूहाचा गळा
(महागाव येथील व्याख्यानातून)

अर्थशास्त्राच्या माणसाने गाण्यावर बोलावे, हे काहींना खटकेल. परंतु आपल्या मोर्चातले गाणे दुसऱ्या कडव्यालाच का विस्कटते, या प्रश्नाने मला मास्तर कृष्णराव फुलंब्रीकर (१८९८–१९७४) यांच्यापाशी नेले.

भास्करबुवा बखले यांचे हे शिष्य. मैफल आणि रंगभूमी गाजवून ते ‘प्रभात’मध्ये गेले, हिंदू-मुसलमान मैत्रीवरच्या ‘शेजारी’चे (१९४१) संगीत त्यांचेच. ‘वंदे मातरम्’ला त्यांनी झिंझोटी रागात चाल बांधली. हे गीत वाद्यवृंदावर नीट वाजणार नाही, असा नेहरूंचा आक्षेप. मास्तर रुसले नाहीत. त्यांनी चाल बँडवर बसवून दाखवली. २४ जानेवारी १९५० रोजी ‘जन गण मन’ राष्ट्रगीत ठरले. तो निर्णय मला योग्यच वाटतो. तरीही अशिक्षित गळ्यांना एकत्र पेलेल अशी चाल बांधणे हे शास्त्र जाणणाऱ्याचेच काम आहे, हा मास्तरांचा धडा त्याने खोटा ठरत नाही. डॉ. आंबेडकरांच्या इच्छेवरून पाली बुद्धवंदना स्वरबद्ध केली तीही त्यांनीच, १९५६ साली.

येत्या शिबिरात भाषणाचा एक तास कापून गाण्याच्या तालमीला द्यावा. तो माझ्या भाषणाचा असला तरी चालेल.