घरमालकाचा जाच आणि भाडेकरूचे हक्क

घर खाली करून मिळावे या हेतूने जेव्हा एखादा मालक नळाचे पाणी तोडतो, जिन्यातले दिवे बंद ठेवतो किंवा देऊ केलेले भाडे नाकारून पुढे थकबाकीचा दावा लावण्याची तजवीज करतो, तेव्हा त्रस्त भाडेकरूस, विशेषतः एकट्या राहणाऱ्या वृद्धास, आपण सर्वस्वी निराधार आहोत असे वाटू लागते. परंतु तसे मुळीच नाही.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ याच्या कलम २९ अन्वये पाणी, वीज, स्वच्छता यांसारख्या अत्यावश्यक सोयी रास्त कारणावाचून तोडण्यास मालकास मनाई असून, त्या पूर्ववत करून घेण्यासाठी भाडेकरूस न्यायालयाकडे अर्ज करता येतो. मुंबईत हे काम लघुवाद न्यायालयात चालते. भाडे थकले तरीही लेखी मागणीची नोटीस देऊन ९० दिवस लोटल्याखेरीज त्या कारणावरून ताब्याचा दावा लावता येत नाही. आणि बळजबरीने बाहेर काढलेच, तर विशिष्ट अनुतोष अधिनियमाच्या कलम ६ खाली सहा महिन्यांच्या आत दिवाणी दावा लावून ताबा परत मागता येतो, मग घराची मालकी कोणाचीही असो.

मात्र ताब्याच्या दाव्यापासूनचे संरक्षण भाडे देण्यास तयार व राजी असणाऱ्यासच आहे. म्हणून संतापाच्या भरात भाडे कदापि थांबवू नका, ते बँकेमार्फत द्या, पावती हक्काने मागा, आणि प्रत्येक तक्रार लेखी करून तिची पोहोच जपून ठेवा.