थेरगावची हिरवळ आणि चुन्याचा सल्ला

पवनेकाठच्या थेरगावात हिरवळ पिवळी पडली की ‘चुना टाका’ हा सल्ला कानावर येतो. तो शोभतो कोकणातल्या आम्लधर्मी जांभ्या मातीला. इथली भारी काळी माती बेसाल्ट खडक झिजून झालेली, बहुधा चुनखडीची, सामू 7.5 च्या वर. अशा मातीत लोह असूनही मुळांना मिळत नाही, म्हणून कोवळ्या पात्यांवर पिवळे पट्टे उठतात. चुन्याने दुखणे वाढतेच. मग या भारी मातीच्या निचऱ्यासाठी वाळू मिसळावी, असे कोणी म्हणेल. पण थोडकी वाळू चिकणमातीत घट्ट बसते आणि पुरेशी घालायची तर निम्मी बागच उपसावी लागेल. त्यापेक्षा पावसाच्या उघडिपीत, वाफसा आला की, सळईने भोके पाडून चाळलेले कंपोस्ट भरावे. चिखलट हिरवळीवर मात्र पाऊल नको, क्रिकेट तर नाहीच नाही.