टॅग रग्बी

टॅग रग्बी हा अंगाला न भिडता खेळायचा रग्बीचा प्रकार. प्रत्येकाच्या कमरपट्ट्याच्या दोन्ही बाजूंना एकेक रंगीत पट्टी चिकटवलेली असते. चेंडू घेऊन धावणाऱ्याची पट्टी प्रतिस्पर्ध्याने ओढली की ‘चर्र’ असा आवाज होतो, ओढणारा ‘टॅग’ असे ओरडतो आणि धावणाऱ्याला चेंडू लगेच साथीदाराकडे द्यावा लागतो. तोही मागे किंवा बाजूला. पुढे कधीच नाही. नवख्याला हाच नियम जड जातो. कबड्डीतली हुलकावणी मात्र इथे थेट कामी येते.

पंधरा जणांच्या मोठ्या रग्बीत चेंडू रेषेपार टेकवला की ५ गुण, पेनल्टीच्या किकला ३. म्हणूनच २०२३ च्या विश्वचषकाचा अंतिम सामना रग्बीप्रेमींच्या गप्पांतून जात नाही: दक्षिण आफ्रिकेने एकदाही चेंडू रेषेपार न टेकवता केवळ चार पेनल्टींवर १२ गुण केले, न्यूझीलंड ११ वर थांबले. भारतीय महिलांनी पंधरा जणींच्या रग्बीतला पहिला आंतरराष्ट्रीय विजय २०१९ मध्ये सिंगापूरवर २१-१९ असा मिळवला. आपल्यासाठी तो अधिक मोलाचा.

डहाणू-तलासरीच्या मुलामुलींनी टॅग रग्बी जरूर करून पाहावा. ओहोटीला उघडी पडणारी बोर्डीच्या किनाऱ्याची सपाट वाळू, एक चेंडू आणि कमरेला खोचलेल्या कापडी पट्ट्या एवढ्यावर सुरुवात होते.